मनोविकारांचे पहिले धडे

देवणी हें गांव शेतकऱ्यांच्या जगांत गाईबैलांमुळें ओळखलें जातें. पांढऱ्या अंगाचा व काळ्या तोंडाचा तो वानेरा, सर्वांगीं पांढरा तो बालंक्या आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो शेवेरा, ही देवणी जातीची वर्गवारी. बाजारांत उभ्या असलेल्या बैलाचे डोळे, कान व चाल पाहून त्याची प्रकृति सांगणारा जाणता शेतकरी ही विद्या ग्रंथांतून शिकत नाहीं. दुसऱ्या जाणत्याच्या शेजारीं उभें राहून पुन्हां पुन्हां पाहण्यानें ती त्याला येते. वैद्यकाचेंही असेंच आहे. रोग्याजवळ नेल्यावांचून विद्यार्थ्याला रोग ओळखावयास शिकवितां येत नाहीं. मनाच्या रोगांच्या बाबतींत मात्र विद्यार्थ्याला रोग्याजवळ नेण्यासच जवळजवळ एक शतक लागलें.

मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें, आणि हैदराबादची वैद्यकशाळा १८४६ सालीं. देवणीचा मुलूख त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता. १९५६ पर्यंत तो बीदर जिल्ह्यांतच मोडत असे. या संस्थांतून शरीररचना, औषधें, शस्त्रक्रिया व प्रसूतिशास्त्र यांचें शिक्षण मिळूं लागलें. पण मन बिघडलेला मनुष्य तेथील इस्पितळांत क्वचितच दिसे. इंग्रजी मुलखांत १८५८ च्या कायद्यानें त्याची जागा वेड्यांच्या इस्पितळांत ठरविली होती. नागपूर, रत्नागिरी, ठाणें, येरवडा येथें अशीं इस्पितळें उभीं राहिलीं. त्यांच्या भिंती उंच होत्या, आणि रोगी समाजाला दिसत नसे त्याप्रमाणें विद्यार्थ्यालाही दिसत नसे. १९१२ च्या कायद्यानें मनुष्यास अशा इस्पितळांत ठेवण्यासाठीं मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाबरोबर डॉक्टरचा दाखलाही मागितला. म्हणजे जो विषय डॉक्टरला धड शिकविलाच नव्हता, त्या विषयांत त्याच्या सहीवर माणसाचें स्वातंत्र्य अवलंबून राहिलें!

खेड्यांतील माणसाचा मार्ग अर्थात् निराळाच होता. अंगांत आलें तर देवर्षी, वारें लागलें तर दर्गा, आणि घरांत विलक्षण प्रकार घडूं लागले कीं भानामतीचा संशय, हा मराठवाड्याचा जुना परिपाठ. त्याला नुसतें अज्ञान म्हणून हिणविणें सोपें आहे. परंतु देवर्षी दुःखिताला जवळ बसवून घेत असे, त्याची हकीकत ऐकत असे. डॉक्टर नाडी पाहून, शरीरांत दोष नाहीं असें सांगून त्याला परत पाठवी. मग तो मनुष्य कोणाकडे जाणार?

ही कोंडी फुटली ती मोठ्या शहरांतील सामान्य इस्पितळांत. कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजांत डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९३३ सालीं मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. मुंबईंत डॉ. के. आर. मसाणी यांनीं १९३८ सालीं जे. जे. इस्पितळांत तसाच उपक्रम केला, आणि १९४७ च्या सुमारास डॉ. एन. एस. वाहिया यांनीं के. ई. एम. इस्पितळांत या कामाचा पाया घातला. वरवर पाहतां ही एका खोलीची व कांहीं खुर्च्यांची सोय होती. परंतु तिचें महत्त्व असें कीं, मनाचा रोगी आतां हुकुमावांचून, आपल्या नातलगांसह, खोकल्याच्या व तापाच्या रोग्यांच्या रांगेंतच येऊं लागला. विद्यार्थ्यानें त्याला प्रथम माणूस म्हणून पाहिलें तें येथें.

देशाची एकंदर स्थिति मात्र बिकट होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणें हिंदुस्थानांत सुमारें ४०,००० लोकांमागें मनोरुग्णालयांतील एक खाट होती. इंग्लंडांत हेंच प्रमाण सुमारें ३०० लोकांमागें एक असें होतें. १९५४ सालीं बंगलोर येथें अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली व तज्ज्ञ तयार होऊं लागले. परंतु तज्ज्ञ कितीही झाले तरी ते प्रत्येक गांवीं पोंचणें शक्य नव्हतें. म्हणून १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमानें हे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेण्याचें ठरविलें. येथेंच खरा पेंच होता. केंद्रावर बसणारा डॉक्टर नुकताच पदवी घेऊन आलेला. आणि १९९७ च्या नियमांतही या विषयाच्या वांट्याला सुमारें वीस तासांचीं व्याख्यानें व दोन आठवड्यांची वॉर्डांतील हजेरी एवढेंच आलें. परीक्षेंत स्वतंत्र विषय नाहीं, मग विद्यार्थी त्याच्यासाठीं रात्र कशाला जागवील?

मराठवाड्यांत दरम्यान औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथें वैद्यकीय महाविद्यालयें झालीं होतीं किंवा होत होतीं. अशा वेळीं ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. देवणीचा भाग त्याच लातूर जिल्ह्यांतला. हजारों माणसें मेलीं. मोडलेलीं हाडें जुळलीं, घरें पुन्हां उभीं राहिलीं. पण ज्यांचीं मुलेंबाळें ढिगाऱ्याखालीं गेलीं त्यांची झोप परत आली नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें या वांचलेल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. असा मनुष्य डॉक्टरकडे येतो तेव्हां “मी शोकानें आजारी आहें” असें म्हणत नाहीं. छातींत धडधडतें, डोक्याला मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाहीं, जीव कशांत लागत नाहीं, एवढेंच तो सांगतो. त्या चार शब्दांमागचा आजार ओळखावयाचा तो तेथील साध्या डॉक्टरनेंच.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत शेंकडा दहांहून अधिक प्रौढांना मनाचा कांहीं ना कांहीं आजार आढळला, आणि निरनिराळ्या आजारांत शेंकडा सत्तर ते ब्याण्णव लोकांना उपचार मिळत नसल्याचें दिसलें. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमानें या विषयाला अधिक वेळ दिला, आणि २०२१ च्या नियमांनीं इंटर्नशिपमध्यें मनोविकार विभागांतील दोन आठवडे बंधनकारक केले. हें इष्टच झालें. परंतु तासांची संख्या वाढल्यानें ऐकण्याची संवय आपोआप लागत नाहीं. देवणीच्या सीमेवर मराठीबरोबर कानडी व दखनीही कानीं पडते. तेथें एकच दुःख तीन बोलींत येतें. रोग्याला बोलूं देणें, मध्येंच न तोडणें, मरणाचे विचार मनांत येतात काय हें न कचरतां विचारणें, आणि घरच्यांना धीर देणें, हे धडे गुरूच्या शेजारीं बसूनच शिकावे लागतात.

बैलाच्या डोळ्यांतील मंदपणा देवणीचा शेतकरी दुरून ओळखतो. त्या शेतकऱ्याच्याच डोळ्यांतील मंदपणा ओळखणारा डॉक्टर त्याला त्याच्या तालुक्यांत भेटेल, तेव्हां १९३३ सालीं एका खोलींत आरंभलेलें हें शिक्षण पुरें झालें असें म्हणतां येईल.