जुनी जीप का घोंघावते?

मंडळी, जुन्या जीपच्या बुडाखालून येणाऱ्या आवाजाचं मूळ शोधायचं तर १९४० सालात जावं लागतं. मी इतिहासाचा मास्तर, मला दुसरा रस्ता ठाऊकही नाही!

त्या वर्षी जुलैत अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना कळवलं, की चारही चाकांना ताकद मिळणारी हलकी गाडी हवी आहे आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. वजनाची अट १,३०० पौंड, म्हणजे साधारण ५९० किलो. ती अट कुणालाच पाळता आली नाही, पुढे सैल करावी लागली. बॅन्टम या लहानशा कंपनीने २३ सप्टेंबरला नमुना हजर केला. एवढ्या घाईत नवे अ‍ॅक्सल कोण घडवणार? स्पायसर कंपनीने स्टुडबेकरच्या चॅम्पियन मोटारीचे अ‍ॅक्सल फेरफार करून दिले. नंतर विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि ती आपल्या तालुक्यातालुक्यांत पोचली. असो.

आता आवाज. विलीजच्या जीपचा पुढचा शाफ्ट इंजिनाच्या बाजूने न्यायचा होता आणि गाडी बुटकी ठेवायची होती. म्हणून ट्रान्स्फर केसमधून ताकद मधोमध न काढता उजव्या अंगाला काढली. जीपखाली वाकून पाहा, मागच्या डिफरन्शियलचा गोळाही उजवीकडे सरकलेला दिसेल. गिअरबॉक्सच्या तिसऱ्या गिअरमध्ये ताकद सरळ जाते. ट्रान्स्फर केसमध्ये मात्र ती सदैव एका मधल्या दातेरी चाकाला वळसा घालूनच जाते, गाडी टू-व्हीलमध्ये असली तरीही. त्यामुळे थोडं घोंघावणं हा या गाडीचा जन्मजात गुण, बरं का. ते मधलं चाक सुईएवढ्या बारीक रोलरांवर फिरतं. त्याचा शाफ्ट सुरुवातीला फक्त पाऊण इंच जाड होता. पुढे तो सव्वा इंचापर्यंत वाढवावा लागला, यावरूनच काय ते समजा.

आमच्या थोरल्या बंधूंनी सरकारी लिलावात घेतलेली १९६८ सालची सीजे-३बी आता पुतण्याकडे आहे. तिचं घोंघावणं वाढलं. एका गॅरेजवाल्याने न उघडताच ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून मोठा आकडा कागदावर लिहून दिला. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, त्यापेक्षा भंगारात देतो.’’ मी म्हटलं, ‘‘आधी कान लाव, मग काय ते ठरव.’’

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. इथे खरखर असेल आणि क्लच दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. आमच्याकडे इथे शांतता होती. मग गाडीला उटी लावून ट्रान्स्फरचा लिव्हर न्यूट्रलला आणला, मुख्य गिअर तिसरा टाकला आणि क्लच हळूच सोडला. गाडी जागेवरच राहते, पण ते मधलं चाक फिरू लागतं. आणि आली की खरखर! म्हणजे दुखणं गिअरबॉक्सचं नव्हे. खालचं झाकण काढल्यावर रोलर झिजलेले आणि शाफ्टवर चरे पडलेले दिसले. गॅरेजवाल्याच्या आकड्यापुढे हा खर्च किरकोळच. गाडी ठेवायची की विकायची हे त्याने ठरवावं. वहिनींना मी अजून विचारलेलं नाही.

बाकीचे आवाज ओळखायला सोपे. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा सूर निघाला तर क्राऊन-पिनियन पाहावं. वळणावर कमी-जास्त होणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. गाडी उचलताना ‘खट्’ वाजलं तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस सैल झालेला असतो. तो लांबवू नका, धावता शाफ्ट निखळला तर जिवाशी गाठ.

एक आवाज मात्र बिघाडाचा नाहीच. फोर-व्हील टाकून कोरड्या डांबरी वळणावर गेलात तर जीप अडखळते, खटखटते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात आणि तो फरक सामावून घ्यायला दोन अ‍ॅक्सलांच्या मध्ये काहीच ठेवलेलं नाही. चिखलात चाकं घसरून तो ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. लिव्हर टू-व्हीलला आणा. अडकून बसला तर गाडी थोडी मागे घ्या, म्हणजे सुटेल.