शीत समुद्रातील एकपेशीय जीव : एका प्रश्नाचा इतिहास

समुद्राचे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठते. इतक्या शीत पाण्यात जीवसृष्टी विरळ असावी, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. जेम्स रॉस यांच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेने (१८३९–४३) तिला धक्का दिला. ‘एरेबस’ जहाजावरील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना तेथील बर्फ डायाटमांच्या दाटीने तपकिरी झालेले आढळले. भूमीवर तृणवृक्ष जे कार्य करतात, तेच या समुद्रात हे एकपेशीय शैवल करते, हे त्यांनी ओळखले. उत्तर ध्रुवीय समुद्रात ‘फ्राम’ जहाजाच्या मोहिमेत (१८९३–९६) फ्रिट्यॉफ नान्सेन यांना तरंगत्या बर्फावर आदिजीवही दिसले. त्यांचे वर्णन १९०६ साली प्रसिद्ध झाले.

अस्तित्वाचा प्रश्न असा निकालात निघाला. वेगाचा मात्र शिल्लक राहिला. १९७२ साली रिचर्ड एप्ली यांनी प्रयोगशाळांतील नोंदी एकत्र करून शैवलवाढीच्या वेगाची कमाल मर्यादा तापमानानुसार मांडली. दर १० अंशांस ती सुमारे १.९ पटींनी बदलते आणि शून्य अंशास दिवसाला एका विभाजनाहूनही कमी भरते. मग वसंतात ध्रुवीय समुद्र शैवलाने भरून जातो तो कसा? प्रकाश व पोषक क्षार ही कारणे खरीच. परंतु पेशींची संख्या केवळ त्यांच्या विभाजनावर नव्हे, तर त्या किती भक्षिल्या जातात यावरही ठरते.

हे भक्षण मोजणे कठीण होते, कारण भक्ष्य व भक्षक दोघेही सूक्ष्म आणि एकाच थेंबात मिसळलेले. १९८२ साली मायकेल लँड्री व हॅसेट यांनी त्यावर उपाय सुचविला. समुद्रजलात गाळलेले समुद्रजल मिसळले की दोघांची गाठ क्वचित पडते. निरनिराळ्या विरलतेतील शैवलवाढीच्या फरकावरून भक्षणाचा वेग काढता येतो. पुढे २००७ साली ज्यूली रोझ व डेव्हिड कॅरन यांनी संकलित नोंदींवरून दाखविले की, पाणी थंड होत जाते तसा शैवलभक्षक आदिजीवांच्या वाढीचा कमाल वेग शैवलाच्या वेगापेक्षा अधिक झपाट्याने घटतो.

म्हणजे शैत्य दोघांनाही मंदावते, पण भक्षकाला अधिक. शैवलाला मिळणारी ही सवड वसंतातील बहराचे एक कारण ठरते. ध्रुवीय जल उष्ण होत गेल्यास ती सवड आकुंचन पावण्याचा संभव आहे. त्या बहरावर क्रिल व मासे पोसले जात असल्याने हूकर यांच्या तपकिरी बर्फापासून निघालेला हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही.