चिल्लर (वसई–पापडी परिसर)

चिल्लर : रोजच्या व्यवहारातील सर्वांत कमी मोलाची नाणी, मोड, खुर्दा, सुटे पैसे. वसई तालुक्यातील (जि. पालघर) पापडीचा भोवताल भाजी, केळी, विड्याची पाने आणि मासळी यांच्या किरकोळ विक्रीचा आहे. अशा ठिकाणी लहान नाण्याचे मोल त्यावरच्या आकड्याने पुरते कळत नाही. भाव किती बारीक पायरीने चढेल-उतरेल हे सर्वांत लहान नाणे ठरवते. ही पायरी मोठी झाली की तिचा भार मुख्यतः थोडे विकणाऱ्यावर आणि थोडे घेणाऱ्यावर पडतो.

पोर्तुगीज अमलात (1534–1739) या किनाऱ्यावर तांब्याचे, कथलाचे बझारुको चालत. इंग्रजी राज्यात रुपयाचे 16 आणे, 64 पैसे आणि 192 पै होत. रुपयाच्या 192 व्या हिश्शापर्यंत भाव सांगता येई. पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाली तेव्हा सरकारने चवली (दोन आणे) बंद केली नाही. 1918 पासून ती तांबे-निकेलच्या मिश्रधातूत पाडली आणि पुढच्याच वर्षी पावली (चार आणे) व अधेलीही (आठ आणे). दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी 1943 पासून भोकाचा पैसा आला. धातू बदलला, नाण्याला भोक पडले, तरी त्याचे काम थांबू दिले नाही. नाण्याचे मोल धातूत नसून उपयोगात असते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. पापडीत मुख्यालय असलेली कॅथलिक बँकही 1918 सालचीच. थोड्या रकमांच्या ठेवी आणि कर्जे यांवर उभी राहणारी सहकारी पतव्यवस्था आणे-पैशांच्या याच जगात रुजली.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले. आण्याला हिशेबाने 6.25 नवे पैसे येत. तसे नाणे नव्हते, म्हणून सरकारी कोष्टकात 6 धरले. पावलीला मात्र नेमके 25. एकेका आण्याचे चार वेगळे व्यवहार नव्या नाण्यांत चुकते झाले तर विकणाऱ्याच्या हाती 24 पैसे पडत. यावर रास्त आक्षेप असा की, तीन आण्यांना 18.75 ऐवजी 19 धरले होते, तेव्हा तोटा-फायदा अखेर सारखा होतो. निरनिराळ्या रकमांचे व्यवहार करणाऱ्याच्या बाबतीत ते खरे आहे. पण जिची जुडी रोज एकाच भावाने जाते, त्या भाजीवालीचा तोटा रोज एकाच बाजूला पडतो.

महागाईने पैसा निरुपयोगी झाला, हा आक्षेप मोठा आहे आणि बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. 30 जून 2011 पासून 25 पैसे व त्याखालची नाणी चलनातून गेली, ते टाळण्याजोगे नव्हते. नाणे पाडण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होतो, हा युक्तिवाद मात्र तितका टिकत नाही, कारण नाणे एकदाच वापरून संपत नाही. ते वर्षानुवर्षे हात बदलते. मोबाईलवरून पैशापर्यंत अचूक रक्कम देता येते हेही खरे, पण भाव आधीच पाच-दहा रुपयांच्या टप्प्यांवर स्थिरावलेला असेल तर त्या अचूकतेचा ग्राहकाला उपयोग नाही. मग भावाऐवजी माप बदलते : जुडी बारीक होते, मासळीचा वाटा लहान होतो, आणि झालेली वाढ आकड्यात दिसत नाही. मापाआड लपलेली ही वाढ ताडून पाहणे कठीण, म्हणून ती भाववाढीपेक्षा अधिक चिंताजनक मानली पाहिजे.

पन्नास पैशांचे नाणे आजही वैध आहे, तरी ते घ्यायला कोणी राजी नसते. यात विक्रेत्याचा केवळ हट्ट नाही. 2011 च्या नाणे अधिनियमाप्रमाणे ही नाणी एका वेळी 10 रुपयांपर्यंतच, म्हणजे 20 नगच, कायदेशीर देणे ठरतात. त्याहून अधिक साठली तर घाऊक व्यापाऱ्याने ती घेतलीच पाहिजेत असे नाही. साठलेली नाणी जमा करायला किंवा बदलायला उरतो तो बँकेचा काउंटर, आणि तेथे ती स्वीकारण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने शाखांना वेळोवेळी दिल्या आहेत.