धुराडे, चुलीचे

धुराडे, चुलीचे : चुलीतील धूर घराबाहेर नेणारी उभी नळी. माकणी (लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा) व तेरणाकाठच्या परिसरातील जुन्या घरांत अशी स्वतंत्र नळी सहसा नसे. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर असे तेथील माळवदाचे स्वरूप होते. धूर माळवदातील साण्यावाटे बाहेर पडे व त्यातूनच उजेड आत येई. पावसाळ्यात साणे झाकावे लागल्याने धूर घरात कोंडे. तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या या जळणाचा धूर पुष्कळ होतो. त्याची झळ मुख्यतः स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना व त्यांच्याजवळच्या मुलांना बसते. श्वासनलिकेचा जुनाट दाह व बालकांतील न्यूमोनिया यांच्याशी या धुराचा संबंध आढळला आहे.

कार्य : तप्त वायू हलके असल्याने धुराड्यातून वर चढतात व चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ धुराड्याची उंची व आतबाहेरच्या तापमानांतील फरक यांवर अवलंबून असते. ती फार वाढल्यास उष्णता वाया जाते. म्हणून नळीत झडप बसवितात.

इतिहास : वर्ध्याच्या मगनवाडीत स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास धुराड्याची मगन चूल तयार झाली. माकणीचा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी अनेक भांड्यांची, धुराडे व झडप असलेली मातीची चूल विकसित केली आणि १९५३ मध्ये तीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे केंद्र शासनाने १९८० नंतरच्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये संपला.

देखभाल : नळीत काजळी साचल्यास तिचा व्यास कमी होऊन ओढ मंदावते व धूर उलटा घरात येतो. म्हणून काजळी ठराविक काळाने खरवडून काढणे, चुलीच्या भेगा लिंपणे, नळीवरील टोपी शाबूत ठेवणे व छतातील सांधा गळू न देणे आवश्यक असते. चूल बसविणारा परत येत नसे आणि माळवदावर चढून नळी साफ करणे घरातील स्त्रीस अवघड जाई. त्यामुळे अनेक ठिकाणी नळ्या तुंबल्या, चुली मोडल्या व साधी चूल पुन्हा पेटली.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात या भागातील जड माळवदे कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. पुनर्वसनात हलकी, भूकंपरोधक घरे उभारण्यात आली. काँक्रीटच्या छतात साण्यासारखी वाट सहसा नसल्याने धुराची सोय निराळी करावी लागते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेद्वारे गॅस जोडण्यांचा प्रसार वाढला. तथापि गॅसची टाकी परवडत नसेल तेथे चूल टिकून आहे आणि तिच्याबरोबर स्वच्छ धुराड्याची गरजही.