पिस्तूल क्रमांक ६०६८२४ ची कुळी

ग्वाल्हेरातून जानेवारी १९४८ च्या अखेरीस एक इटालियन पिस्तूल दिल्लीला गेलं. बेरेटा, १९३४ चं मॉडेल, क्रमांक ६०६८२४. ३० जानेवारीला त्यातल्या तीन गोळ्यांनी गांधीजींचा खून झाला. कटावर कपाटं भरतील एवढं लिहून झालंय. यंत्राच्या कुळीकडे मात्र फारसं कुणी वळत नाही.

आधी, २० जानेवारीला, याच कटातली दोन रिव्हॉल्व्हरं दिल्लीतच चाचणीत फसली होती. माफीच्या साक्षीदाराने कोर्टात सांगितलं, एकाची चकरी बाहेर येईना आणि दुसऱ्याची गोळी निशाणापर्यंत पोचेना.

रिव्हॉल्व्हरची चकरी बोटाच्या जोरावर फिरते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पुढचं काडतूस चढवतात ती मागेपुढे होणारी स्लाइड आणि मॅगझिनमधली स्प्रिंग. बहुतेक दुखणी तिथलीच. मुठीत बसणारं, काढता येणारं मॅगझिन १८९३ च्या बोर्खार्ट पिस्तुलात आलं, आणि त्याच्याबरोबर त्याचे ओठही: तोंडाशी आत वळवलेल्या पत्र्याच्या दोन कडा. त्या जराशा फाकल्या तरी काडतूस नाक वर करून नळीच्या तोंडावर आदळतं. स्प्रिंग मेली, तर ते वेळेत वर येत नाही आणि स्लाइड रिकामीच मिटते. म्हणून जाणता कारागीर पिस्तूल रिकामं करून आधी मॅगझिनच बदलून बघतो. दुसऱ्याने नीट चाललं, तर पिस्तुलाला हात लावायचं कारण नाही. काजळी, कमजोर काडतूस वगैरे मागाहून.

रिकामी पुंगळी स्लाइड आणि नळीच्या चिमट्यात उभी अडकते, तो निराळा आजार. त्यावर बेरेटाने सरळ छप्परच काढलं. तुलिओ मारेंगोनीच्या १९१५ च्या पिस्तुलापासून निघालेल्या या घराण्यात स्लाइडची पाठ उघडी होत गेली, पुंगळीला वाट मोकळी झाली. १९३४ च्या मॉडेलात नळीही जागची हलत नाही. मॅगझिनमध्ये सात काडतुसं, तीही मुळात अमेरिकन: जॉन ब्राउनिंगच्या १९०८ च्या .३८० ला इटालियन ‘नऊ मिलिमीटर कोर्टो’ म्हणतात. खोड एकच. शेवटची गोळी सुटली की स्लाइड मॅगझिनच्याच आधारावर मागे अडून राहते. रिकामं मॅगझिन ओढायला जोर लागतो, आणि ते निघालं की स्लाइड खाडकन मिटते. एवढं साधं यंत्र. त्याला गूढ चिकटवणारे चिकटवोत.

हे पिस्तूल मिळवून देऊन कटात सामील झाल्याच्या आरोपावरून ग्वाल्हेरच्या डॉ. दत्तात्रय परचुऱ्यांना विशेष न्यायालयाने फेब्रुवारी १९४९ मध्ये जन्मठेप दिली. त्याच वर्षी पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं.