शिमोग्याचा बिननावाचा चितारी

आज तोफा-तलवारी नाहीत, फुलं आहेत. येलहंक्यात स्थायिक झाल्यापासून मी जलरंगात फुलं काढायला शिकतोय. फौजेत आम्हाला फील्ड स्केच शिकवत: टेकडी, झाड, वाट, अंतर. पण टेकडी कोमेजत नाही. फूल कोमेजतं. या नव्या नादातच मला एका मराठी चित्रकाराचा माग लागला. आमच्या इथून सुमारे तीनशे किलोमीटरवर, शिमोग्यात, तो 1845च्या आसपास हेच काम पगारावर करत होता.

म्हैसूरचा कारभार 1831पासून कंपनी सरकारच्या हाती होता आणि मार्क कबन हे कमिशनर होते. त्यांच्या हाताखाली शिमोग्यात ह्यू क्लेगहॉर्न नावाचा तरुण स्कॉटिश सर्जन नेमलेला होता. जन्म मद्रासचा, 1820चा. वैद्यकीचं शिक्षण एडिंबरोचं. त्या काळी औषधं बरीचशी झाडपाल्यातूनच यायची, म्हणून डॉक्टरला वनस्पतिशास्त्र शिकावंच लागे. लंडनजवळच्या क्यू बागेचे प्रमुख विल्यम हूकर यांचा सल्ला होता, रोज एक वनस्पती घ्या आणि पाव तास तिचा अभ्यास करा. क्लेगहॉर्ननं तो मनावर घेतला आणि जोडीला एक चितारी ठेवला. रोज एक वनस्पती समोर ठेवायची आणि त्यानं ती रंगवायची.

या चिताऱ्याची ओळख फक्त ‘मराठा’ एवढीच नोंदलेली आहे. इंग्रज तेव्हा मराठी बोलणाऱ्या कुणालाही मराठा म्हणत, त्यामुळे त्यावरून जात काढत बसू नका. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून आपली माणसं या मुलखात आहेत.

आता ‘रोज एक’ म्हणजे काय, ते हातात ब्रश घेतल्याशिवाय कळत नाही. कळलावीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात सह्याद्रीत आणि मलनाडात ती दिसते. फूल उमलतं तेव्हा पाकळ्या हिरवट-पिवळ्या असतात, मग टोकाकडून लाल चढत जातो आणि शेवटी सगळं फूल लालभडक होतं. यातलं खरं फूल कोणतं? एकाच फांदीवर कळी, अर्धं रंगलेलं आणि पुरतं लाल झालेलं, अशी तिन्ही दाखवावी लागतात. शिवाय पुंकेसर सहा, तर सहाच. सजावटीसाठी सातवा घालून चालत नाही. आपल्याकडच्या चिताऱ्याचा हात महिरपीच्या वेलबुट्टीवर बसलेला. तिथे डावं पान उजव्यासारखंच हवं. शास्त्रज्ञाला मात्र किडीनं खाल्लेलं पानसुद्धा चालतं, पण शिरा खऱ्या हव्यात. दाबून वाळवलेल्या नमुन्यात रंग उडतो, फूल चपटं होतं. ते जिवंतपणी कसं होतं हे सांगायचं काम चिताऱ्याचं.

पांढरं फूल तर परीक्षाच. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. म्हणजे पाकळी न रंगवता तिची सावली रंगवायची. जुन्या पद्धतीत मुरलेल्या माणसाला हे किती उलटं वाटत असेल!

साधारण याच वर्षांत, 1847 ते 1850, पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन हा दुसरा स्कॉटिश डॉक्टर अशीच चित्रं करून घेत होता. दापोडी म्हटलं की आम्हा इंजिनिअर लोकांना आठवतं ते मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेज. तिथल्या चित्रकाराबद्दलही ‘पोर्तुगीज-भारतीय’ एवढंच कळतं, नाव नाही. दोन्ही संच आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. हेन्री नोल्टी यांनी दोन्हींवर पुस्तकं लिहिली, 2002 आणि 2016मध्ये, म्हणून आपल्याला एवढं तरी माहीत.

नाव राहणं अशक्य नव्हतं. त्याच्या पन्नास वर्षं आधी पुण्यात वेरूळची लेणी रेखाटणाऱ्या गंगाराम तांबट यांचं नाव राहिलं. मद्रासकडे रॉबर्ट वाइट यांच्यासाठी रंगय्या आणि गोविंदू हे दोन तेलुगू चित्रकार काम करत; वाइटनी तर एका ऑर्किडच्या प्रजातीला ‘गोविंदूइया’ असं नाव दिलं. साहेबाच्या मनात असलं की असं होतं. त्याच वाइटनी क्लेगहॉर्नच्या नावानंही एक प्रजाती केली, ‘क्लेगहॉर्निया’. क्लेगहॉर्न पुढे, 1856मध्ये, मद्रास इलाख्याचा जंगलप्रमुख झाला. जंगलतोडीविरुद्ध त्यानं केलेलं काम मोठं आहे, ते मी नाकारत नाही. पण शिमोग्याचा आमचा माणूस मात्र फायलीत ‘मराठा’च राहिला.

शिमोगा, सागर, शिकारीपूर या भागातली जुनी मराठी घरं आजही नांदती आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत पानाफुलांची जुनी चित्रं असतील, मागे मोडीत काही खरडलेलं असेल, तर रद्दीत घालण्याआधी मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदा दाखवा.