संगणकाचा पहिला धडा कोणता?



"मुलाला कोणती संगणक-भाषा शिकवू?" असा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. उत्तरापूर्वी थोडा इतिहास पाहू या.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा भारतात बांधलेला संगणक १९६० साली सुरू झाला. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात नवशिक्यांसाठी 'बेसिक' ही भाषा तयार झाली. १९८४ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून, बीबीसी मायक्रो संगणकांबरोबर, ती भारतातील काही शाळांत आली. २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रातील लाखो लोकांना संगणक वापरायला शिकविले. मात्र संगणक वापरणे निराळे आणि त्याला काम सांगणारी आज्ञावली लिहिणे निराळे. ती जुनी यंत्रे केव्हाच मागे पडली. मग टिकले काय?

टिकली ती पायरीपायरीने विचार करण्याची रीत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकांनी हिशेब करण्याच्या रीती लिहून ठेवल्या. त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरूनच 'अल्गोरिदम' हा शब्द आला.

आपल्या किनाऱ्यावरील रापण घ्या. मासळी विकायची, खर्च वजा करायचा, उरलेल्या रकमेचे वाटे पाडायचे. ही रीत मुलाला प्रथम मराठीत, क्रमवार लिहू द्या. मग विचारा: खर्च विक्रीहून जास्त झाला तर? कोणाचा अर्धाच वाटा असला तर? जाळे रिकामेच आले तर? या प्रश्नांपुढे टिकेल असा क्रम ज्याला लिहिता आला, त्याला पुढे कोणतीही भाषा जड जात नाही.

मुंबई आयआयटीचे प्रा. अभिराम रानडे यांनी २०१४ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात सुरुवात पडद्यावर 'कासव' चालवून आकृत्या काढण्यापासून केली आहे. चौरसासाठी 'पुढे जा, वळ' हे चारदा लिहिण्याऐवजी 'चार वेळा कर' असे एकदाच सांगता येते, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहतो.

मीही प्रारंभी मुलांकडून आज्ञा पाठ करून घेत असे. परीक्षेत गुण मिळाले. पण आकडे बदलताच मुले अडली. दोष मुलांचा नव्हता, माझ्या पहिल्या धड्याचा होता.

आज यंत्रे मागताक्षणी आज्ञावली लिहून देतात. ती बरोबर की चूक, हे पारखणारी नजर मात्र आपल्याच मुलांत घडवावी लागेल. यास्तव पालकहो, शिकवणीची फी भरताना भाषेचे नाव नंतर विचारा. "माझी मुलगी स्वतःची चूक स्वतः शोधायला शिकेल ना?" हे आधी विचारा.